काकांसाठी तोडलेला फणस

लालबागच्या आमच्या चाळीत गेल्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक खोलीत एसी आला आणि मे महिन्यात संध्याकाळची वीज जाऊ लागली. इतरांचा त्रास घामापुरता. समोरच्या खोलीतल्या काकांना मात्र श्वासाची पंचाईत. गिरणीतल्या कापसाने त्यांची फुप्फुसं कधीच कामातून गेली होती. नाकाला नळी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र. वीज गेली की ते यंत्र केकाटायचं आणि चाळीच्या गणेश मंडळाची पोरं सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत धावत यायची.

"आलो काका, घाबरू नका!"

"मी खंय घाबरतंय? धाप तुला लागलीय. आधी तू लाव नळी."

शेवटी वीज कंपनीने चाळीसाठी सबस्टेशन मंजूर केलं. ते बसेल अशा चौकात दोनच जागा. एकीवर फणस. काकांच्या वडिलांनी गावाहून आणलेल्या आठळीतून आलेला, आता दोघांच्या कवेत न मावणारा. मोसमातल्या पहिल्या कुयऱ्यांची, म्हणजे कोवळ्या फणसांची, भाजी चाळभर वाटली जायची आणि हाताला तेल चोपडून पिकला फणस फोडायचा मान काकांचा. दुसऱ्या जागेवर मंडळाची पत्र्याची शेड. तिच्यात बाप्पाचं सिंहासन, स्पीकर, ढाली आणि माजी अध्यक्षांच्या तसबिरी. उत्सव सोडला तर वर्षभर कुलूप.

अभियंत्याने दोन्हीकडे फीत लावून पाहिली. "मला कुठलीही चालेल," तो म्हणाला. "तुमचं तुम्ही ठरवा."

ठरवण्यासाठी बैठक भरली ती शेडमध्येच, त्यामुळे शेड हलवण्याचा विषय निघणं जरा अवघड होतं. मी तो काढला. कार्याध्यक्ष अतिशय आदराने म्हणाले, "सर, मुद्दा चांगला आहे. लिहून द्या." आमच्याकडे मुद्दा असाच पुरतात.

तेवढ्यात पोरांनी काकांना खुर्चीसकट खाली आणलं. मांडीवर छोटा सिलिंडर. दम घेत घेत ते म्हणाले, "ही शेड मी उभी केली. पत्रे मी आणले, डोक्यावरून. ती काढा."

मग कार्याध्यक्ष उठले, वाकून काकांच्या पाया पडले आणि सभेकडे तोंड करून म्हणाले, "काका, तुमच्या जिवापेक्षा आम्हाला झाड मोठं नाही."

"मी झाडाचं बोलतच नाय रे. शेडचं बोलतोय."

"तुम्ही दगदग करून घेऊ नका, काका."

टाळ्या पडल्या. 'काकांच्या प्रकृतीसाठी' फणस काढायचा ठराव झाला. आता त्याला विरोध करणं म्हणजे काकांच्या मरणावर टपून बसणं. एवढा पक्का युक्तिवाद मी भल्याभल्या ग्रंथांतही वाचलेला नाही.

त्यांना वर पोचवल्यावर मी म्हणालो, "काका, अजून जोर लावायला हवा होता."

"कोणावर? सिलिंडर कोण आणतो वर? तू आणशील?"

माझी कंबर मला ठाऊक होती आणि त्यांनाही. मी पाण्याचा तांब्या त्यांच्या जवळ सरकवला.

झाडावर पालिकेची नोटीस लागली. हरकती मागवल्या होत्या, मी पाठवली. हरकत मिळाल्याचं उत्तर आलं. त्यानंतर करवत आली. फांद्या पडल्या तेव्हा कुयऱ्या अजून कोवळ्या होत्या. बायकांनी पिशव्या भरभरून नेल्या. त्या दिवशी प्रत्येक खोलीतून कुयरीच्या भाजीचा वास येत होता, वर्षभराच्या वाट्याची भाजी एकदम. काकींनीही केली. काकांनी ताट बाजूला सारलं नाही. "मीठ कमी पडलाय," एवढंच म्हणाले.

उद्घाटनाला फ्लेक्स लागला. त्यावर सगळ्या पदाधिकाऱ्यांचे हसरे चेहरे आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोच्या आकाराचे, काका. बटण दाबायला त्यांना बोलावलं होतं. पाय सुजल्याचा निरोप त्यांनी माझ्याकरवी पाठवला. पाय खरंच सुजले होते, म्हणजे मला खोटं बोलावं लागलं नाही.

आता वीज जात नाही. हे कबूल करायलाच हवं. माझाही पंखा नीट फिरतो आणि काकांचं यंत्र दिवसरात्र घुरघुरत असतं. दुपारचं ऊन थेट त्यांच्या खाटेवर येतं, म्हणून काकींनी खिडकीला जुनी चादर लावलीय. संध्याकाळी मी पेपर घेऊन जातो. बातम्या ऐकता ऐकता ते मध्येच विचारतात, "आज गेलेली काय रे लाइट?"

"नाही काका."

"बरा झाला," म्हणतात आणि जिन्याकडच्या दाराकडे पाहत राहतात. वीज जात नाही म्हटल्यावर पोरांना तीन मजले चढायचं कारण उरलेलं नाही. सिलिंडर भरलेलाच कोपऱ्यात उभा आहे. काकी त्याच्यावर टॉवेल वाळत घालतात.