टोपलीत टाक, शेठ

आमच्या साडभाऊंसारखा लुटारू चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही. लुटलेलं काहीच ते स्वतः वापरत नाहीत, ही त्यातली सर्वात संतापजनक गोष्ट. बल्लारपूरजवळच्या एका भूमिगत कोळसा खाणीत ते तरुणपणी स्वतः उतरत असत. गुडघा गेल्यावर त्यांना खाणीच्या तोंडाशी झडती घ्यायला उभं केलं. खाली वायू असतो, ठिणगी चालत नाही, म्हणून बिडी, माचिस, मोबाईल वर ठेवायचं. बत्तीघरातून डोक्याचा दिवा घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा. पाळी सुटल्यावरही बिल्ला खिळ्यावर दिसला, की माणूस अजून खाली आहे, हे कळतं. खाणीत हे शहाणपणाचंच आहे. साडभाऊंनी निवृत्तीनंतर ते घरी आणलं.

त्यांच्या उंबऱ्याशी बांबूची एक टोपली असते. पाहुण्याने मोबाईल, गाडीची किल्ली, हेल्मेट, घड्याळ तिच्यात टाकल्याशिवाय पाण्याचा गडवा पुढे येत नाही. जावई पहिल्यांदा आला, तर त्याच्या खिशातली गुटख्याची पुडीही भर पाहुण्यांत निघाली. "जास्त बोलू नोका," माझी मेव्हणी सांगते, "मी लगन करून आली तं माहेरचं नावसुद्धा यायनं टोपलीतच ठेवून घेतलं."

या सगळ्याला आधार म्हणून ते एक गोष्ट सांगत. कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचलेली. एक राणी पाताळात आपल्या बहिणीकडे निघते. वाटेत सात दारं. प्रत्येक दारावरचा पहारेकरी तिच्याकडून एकेक वस्तू उतरवून घेतो: मुकुट, हार, कंबरपट्टा, शेवटी अंगावरचं वस्त्र. "काऊन घेतो रे?" राणी विचारते. "खालचा नियम हाय, बाई," पहारेकरी म्हणतो. राणीचं काय झालं यापेक्षा पहारेकरी किती चोख होता, याचंच साडभाऊंना कौतुक. ही गोष्ट मी निदान शंभरदा ऐकली असेल, पण वस्त्रापर्यंत आली की मी चहा संपवून उठायचो. मी धंदेवाला माणूस. सायकलवर जळाऊ लाकूड विकण्यापासून स्वतःच्या फर्निचरच्या दुकानापर्यंत पोचलो, तो वस्तू सोडून देऊन नव्हे, धरून ठेवून.

माझं दुखणं आता सांगतो. आलापल्लीच्या सागवानाचा लिलाव होता. निघण्याआधी पाच मिनिटं साडभाऊंकडे टेकलो. मोबाईल टोपलीत. तिकडे माझा माणूस डेपोवरून फोनवर फोन करत होता, की आपण हेरलेला सागाचा लठ्ठा ठरल्या वेळेआधीच बोलीला येतोय, किती बोलू? मी आत पोहे खात होतो. सरळ, एका गाठीचाही दोष नसलेला तो माल दुसऱ्याच्या ट्रकवर चढला.

"फोन वाजत होता, तर सांगायचं नाही?" मी ओरडलो.

"वाजून राह्यला होता ना. वाजला, वाजला, मंग थकला."

"साडभाऊ, माझा सागवान गेला!"

"खाली नेता येते काय सागवान, शेठ?"

त्यानंतर कित्येक महिने मी त्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

मग त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. नागपुरात. मेव्हणीने बोलावलं म्हणून गेलो. आत नेण्याआधी नर्स एकेक वस्तू काढून घेत होती. चष्मा, कवळी, अंगठी, कमरेचा करदोडा. साडभाऊ सगळं निमूट देत होते. मला मनातून बरंही वाटत होतं. पण उजवी मूठ काही उघडेना. आत त्यांचा खाणीतला जुना बिल्ला होता.

"काका, आतला नियम आहे," नर्स म्हणाली.

"हे नाई देत."

डॉक्टर खोळंबलेले, मेव्हणी रडायला लागलेली. माझं डोकं फिरलं. "जन्मभर लोकांचे खिसे रिकामे केले, आता स्वतःची पाळी आली तर मूठ उघडत नाही?"

बोळक्या तोंडाने ते हसले आणि बिल्ला माझ्या हातात ठेवला. "तुले देतो. गोष्ट कधी पुरी ऐकली नाई तू. राणी उतरायच्या आधी आपल्या एका माणसाले वर बसवून गेली होती. मी नाई आली तं देवायच्या दारात जाऊन बोंब मार, म्हणे. त्या बोंबीनं आली ते वर."

"मग मला कशाला? बायको आहे, पोरगी आहे."

"ते रडतीन. बोंब मारनारा तूच."

सांगितलेली वेळ उलटून गेली, तरी दार उघडेना. कोणी काही सांगेना. मग मी उठलो आणि लिलावात लावतो त्याच्या दुप्पट आवाज लावला. दोन वॉर्डबॉय धावत आले, पण मी दार धरून उभाच. शेवटी आतून एक डॉक्टर बाहेर आले. "ओरडू नका हो. रक्त थांबायला वेळ लागला. आता ठीक आहेत."

ते घरी आल्यावर मी बिल्ला परत करायला गेलो. मोबाईल न सांगता टोपलीत टाकला. साडभाऊंनी बिल्ला हातात घेतला, अंगठ्याने पुसला आणि माझ्याकडेच सरकवला.

"राहू दे तुह्याजवळ. एकदा उतरायचंच हाय अजून."

दुकानात गल्ल्यामागच्या खिळ्याला तो आता लटकतो. गिऱ्हाईकं विचारतात, मी विषय बदलतो. सागवानाचं मात्र मी विसरलेलो नाही. फक्त घासाघीस करताना आताशा आवाज थोडा राखून ठेवतो.