पुठ्ठ्याचं गडचांदूर

लग्न होऊन मी गडचांदूरला आले तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एका खोलीत पलंग होता आणि दुसऱ्या खोलीत रेल्वे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. हे सिमेंट कारखान्यात इलेक्ट्रिशियन. कारखान्यात मशिनरी बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरनं परत जाताना यांना एक खोकं भेट दिलं होतं. त्यात एक छोटं इंजिन होतं, दोन पॅसेंजरचे डबे, काही मालडबे, गोल जोडायचे रूळ, ट्रान्सफॉर्मर आणि तुकडे चिकटवून उभं करायचं एक प्लास्टिकचं स्टेशन. यांनी ते सगळं एका मोठ्या प्लायवूडवर बसवलं होतं. पहिल्याच दिवशी मला स्टुलावर बसवून त्यांनी गाडी सुरू करून दाखवली.

गाडी सुंदरच होती. पण मला हसू आलं ते स्टेशन पाहून. लाल कौलं, छप्पर एवढं उतरतं की बर्फ पडला तर आपोआप घसरून खाली यावा. वर धुराडं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. बाहेर मे महिना, दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देत होतं.

"काऊन हसून राह्यली?" यांनी विचारलं.

"कुठलं स्टेशन हाय हे?"

"कुठलंच नाई. स्टेशन हाय." ते थोडे दुखावलेच.

मी ब्रह्मपुरीची. वडलांची धानाची शेती, आणि मी सायकलनं कॉलेजात जाऊन बीएस्सी झालेली. गडचांदूरला माझ्या शिक्षणाचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी फरशी पुसायची, दुपारपर्यंत तिच्यावर राखाडी थर बसायचा, संध्याकाळी पुन्हा पुसायची. हे कधी सकाळच्या पाळीला, कधी रात्रीच्या. रात्रपाळी असली की दिवसा झोपायचे आणि मी घरात आवाज न करता फिरायची. मला एका जागी बसवायचं नाही. गच्चीवर जा, खाली ये, पुन्हा वर जा. गच्चीवरून कारखाना दिसायचा, उंच टॉवर, सिमेंट साठवायच्या गोल कोठ्या, चुनखडी आणणारा लांबलचक पट्टा. एक रेल्वेलाइनही दिसायची, पण तिच्यावर माणसांची गाडी येत नव्हती. फक्त मालगाडी यायची, सिमेंट भरायची आणि जायची. त्या लाइनीकडे पाहत मी फार वेळ उभी राहायची.

एक दिवस यांच्या शर्टाचं खोकं फेकायला घेतलं आणि फेकलं नाही. त्या पुठ्ठ्याची मी आमची बिल्डिंग केली, तीन मजली. गाडीच्या मापात माणूस करंगळीच्या एका पेराएवढा होतो, असं यांनी सांगितलं होतं. ते माप धरून दारं कापली, बाल्कन्या काढल्या. बाटलीच्या काळ्या झाकणांच्या पाण्याच्या टाक्या केल्या. खिडक्यांना काडेपेटीचे कूलर लावले आणि बाल्कनीत दोऱ्यावर चिंध्यांचे कपडे वाळत घातले. सगळं झाल्यावर पाहिलं तर काहीतरी चुकत होतं. बिल्डिंग फार स्वच्छ दिसत होती. मग तिला पातळ डिंक फासला आणि खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ वरून चाळली. वाळल्यावर ती थेट आमची बिल्डिंग झाली.

ती मी लाल स्टेशनाच्या शेजारी ठेवली. हे कामावरून आले, हातपाय धुऊन त्या खोलीत गेले आणि तिथूनच ओरडले, "हे काय करून ठेवलं तू?"

"आपली बिल्डिंग हाय."

"मले दिसते ते. पण इथी कशाले? सगळं भकास दिसते आता."

"मंग काय फुलाच्या कुंड्या लावू?"

त्यांनी गाडी सुरू केली, दोन फेऱ्या मारल्या आणि बंद केली. त्यांचं खरं होतं. शेजारी ती धुळकट बिल्डिंग आल्यावर ते स्टेशन खेळण्यातलं वाटायला लागलं होतं. माझं मात्र आता थांबणं शक्य नव्हतं. शेजारी एसटीडी बूथ झाला, पिवळ्या पाटीचा. पत्र्याचं पंक्चरचं दुकान झालं. बीएस्सीच्या परीक्षेतसुद्धा माझे हात एवढे चालले नव्हते.

पत्र्याची युक्ती खालच्या मजल्यावरच्या भाभीनं शोधली. तिच्या नवऱ्याचं गावात पेट्या आणि कूलर बनवायचं दुकान होतं. एकदा साखर मागायला वर आली आणि माझा पुठ्ठ्याचा पसारा पाहून साखर विसरली. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद बारीक दाताच्या फणीवर ठेवून तिनं नखानं दाबला. कागद उचलला तर नालीदार पत्रा तयार.

"देखो बाई," ती म्हणाली, "आमच्या यांच्या दुकानापेक्षा चांगला माल निघाला."

त्यानंतर ती रोज दुपारी यायला लागली. कधी पत्र्याची कात्रणं आणायची, कधी तुटलेली व्हिडिओ कॅसेट. कॅसेटची काळी टेप मापात चुनखडीच्या पट्ट्याएवढीच रुंद भरली. प्लंबरनं टाकून दिलेल्या पाइपाचे तुकडे कापून आम्ही सिमेंटच्या कोठ्या उभ्या केल्या. उंच टॉवर मात्र अर्ध्यावर सोडावा लागला. पूर्ण केला असता तर पंख्याला लागला असता.

अडचण आली ती मालगाडी भरायच्या शेडची. गच्चीवरून त्याचं फक्त छप्पर दिसायचं. खाली काय आहे, डबे कुठे उभे राहतात, सिमेंट डब्यात पडतं कसं, काहीच कळत नव्हतं. यांना विचारलं.

"साधं शेड हाय," हे म्हणाले.

"साधं म्हणजे? भिंत किती बाजूंनी हाय? गाडी आतून जाते का बाजूनं?"

"बाजूनं. अवं, शेड म्हणजे शेड. काय पाहाचं त्याच्यात?"

रोज त्या दारातून आत जाणाऱ्या माणसाला सांगता येत नव्हतं आणि मला आत जाता येत नव्हतं. याची मला विलक्षण चिडचिड व्हायला लागली. स्वयंपाक करतानाही ते छप्पर डोळ्यांपुढे असायचं. चार वेळा शेड बनवलं आणि चार वेळा मोडलं. शेवटी एका सकाळी भाजी आणायला म्हणून निघाले ती बाजाराकडे न वळता सरळ रेल्वेच्या फाटकाकडे गेले. तिथून शेडचं एक टोक दिसत होतं. पिशवीतून एका लग्नपत्रिकेचं पाकीट काढलं आणि त्याच्या मागच्या बाजूला रेघा मारायला लागले. किती खांब, छप्पर कुठवर पुढे आलेलं. मन लागलं होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"ओ बाई, काय लिहून राह्यल्या?"

कारखान्याचा पहारेकरी होता. मी खरं ते सांगितलं. घरी छोटी रेल्वे आहे, तिच्यासाठी शेड बनवते आहे. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. माझ्याच कानांना माझं बोलणं खोटं वाटलं. त्यानं पाकीट मागितलं, मी दिलं. चुनखडीच्या खदानीत स्फोटकं असायची, पलीकडच्या गडचिरोलीच्या जंगलातल्या नक्षलवाद्यांच्या बातम्या रोज यायच्या. कारखान्याचं चित्र काढणारी बाई त्याला साधी कशी वाटणार? त्यानं मला गेटवर नेऊन बसवलं आणि यांना कामावरून बोलावून घेतलं.

हे आले ते धुळीनं माखलेले, हातात टेस्टर तसाच. सुरक्षा अधिकाऱ्यानं त्यांना आत नेलं. मी बाहेर बाकावर. आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण बाहेर आले तेव्हा यांचे कान लाल झाले होते.

"घरी जाय," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आले आणि त्यांनी पलंगावरची चादर काढून रेल्वेच्या फळीवर टाकली. मी जेवायला वाढलं. ते जेवले. ते भांडले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी आवाजच चढवला नाही. दोन दिवसांनी म्हणाले, "साऱ्या डिपार्टमेंटमधी हसून राह्यले मले. तुमची बायको इंजिनिअर हाय का म्हणतेत."

"मंग तुमी काय म्हटलं?"

"काय म्हणू?"

ते दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. भाभी येऊन जायची, पण चादरीला हात लावायची नाही. मी ब्रह्मपुरीला जाऊन आले, तिथेही जीव रमला नाही. अरुंद रुळांची छोटी लाइन जाऊन आमच्याकडे मोठी लाइन आली होती. वडील कौतुकानं नवं स्टेशन दाखवायला घेऊन गेले. त्यांना नवी गाडी दाखवायची होती आणि मी वर मान करून प्लॅटफॉर्मचं छप्पर कशावर टेकलंय ते पाहत होते.

"काय हरवलं तुह्यं तिथी वर?" वडलांनी विचारलं.

परत आले तेव्हा हे बसस्टँडवर घ्यायला आले होते. तसं ते कधी यायचे नाहीत. पिशवी हातातून घेतली आणि चालता चालता म्हणाले, "येत्या रविवारी कारखाना दाखवणार हायेत घरच्या लोकाईले. मी तुह्यं नाव देऊन ठेवलं."

मी थांबले. "आणि तो साहेब?"

"त्याच्यापाशीच देल्लं. म्हटलं, पाहू द्या एकदाचं. नाईतर मले घरात झोप नाई."

रविवारी डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालून आम्ही बायका रांगेनं आत गेलो. भट्टी दाखवली, कंट्रोल रूम दाखवली, सरबत दिलं. माझं कशातच लक्ष नव्हतं. सगळ्यात शेवटी शेड आलं. त्या दिवशी मालगाडी लागलेली होती.

मला वाटलं होतं आत मोठमोठी यंत्रं असतील. यंत्र होतं, पण ते नुसत्या गोण्या सोडत होतं. त्या उचलून डब्यात नेत होती माणसं. ओळीनं, पाठीवर गोणी, डोक्याला आणि तोंडाला फडकं बांधलेलं, पापण्यांपर्यंत राखाडी. एक जायचा, दुसरा यायचा. कुणी आमच्याकडे पाहिलं नाही. बायका पदर नाकाला लावून पटकन पुढे गेल्या. मी खांब मोजायला आले होते आणि खांब बघायचेच विसरले.

घरी येताना मी यांना म्हटलं, "आत एवढी माणसं असतेत हे तुमी सांगितलं नाई मले."

"तू शेडबद्दल विचारलं होतं," हे म्हणाले. मग क्वार्टरच्या जिन्यात म्हणाले, "मले रोज दिसतेत ना. म्हणून आठवलं नसन."

त्या संध्याकाळी चादर त्यांनीच काढली.

शेड मी पुन्हा बनवलं. फणीवर दाबलेले पत्रे, उदबत्तीच्या काड्यांचे खांब, आणि समोरची बाजू मोकळी, आतलं दिसावं म्हणून. माणसं यांनी केली. तांब्याच्या बारीक तारेला पीळ देऊन एकेक माणूस वाकवायचे, पाठीवर कणकेच्या गोळ्याची गोणी चिकटवायचे आणि डोक्याला दोऱ्याचं फडकं गुंडाळायचे. चिमटा धरून तासन् तास बसायचे. एकाचे गुडघे जास्त वाकले तर तार सरळ करून पुन्हा वाकवायचे. लाल स्टेशन त्यांनी स्वतःच उचलून कोपऱ्यातल्या टेकडीवर नेऊन ठेवलं. "साहेब लोकाईचं गेस्ट हाउस," म्हणाले. दोन पॅसेंजरचे डबे खोक्यात गेले. आता गाडी शेडपाशी थांबायची आणि आम्ही दोघं, कधी भाभी धरून तिघं, तिच्याकडे पाहत बसायचो.

ते पुरं झालं तेव्हा सुख वाटेल असं वाटलं होतं. आठवडाभर वाटलंही. मग बाहेर कारखान्याची नवी कोठी उभी राहायला लागली, बाजारात मोबाइलचा टॉवर आला, एसटीडी बूथवाल्यानं पाटी उतरवली. माझं गडचांदूर बघता बघता जुनं झालं. मी तो मोबाइलचा टॉवर करायला घेतला आणि अर्ध्यातच लक्षात आलं की मला पुठ्ठ्याचा कंटाळा आलाय. इमारत खरी कशी उभी राहते, खांबात सळ्या किती आणि कशा जातात, हे कळल्याशिवाय आता चैन पडणार नव्हतं.

यांना म्हटलं, "चंद्रपूरले आयटीआयमधी ड्राफ्ट्समनचा कोर्स हाय. मी जातो."

"रोज?"

"रोज."

हे चिमट्यानं तार पिळत होते. "डबा दोघाईचा लागन मंग," म्हणाले. "सकाळी पोया कोण करन?"

"अर्ध्या तुमी, अर्ध्या मी."

त्यांच्या पोळ्या शेवटपर्यंत गोल झाल्या नाहीत. पण मी कोर्स पुरा केला आणि नंतर बरीच वर्षं चंद्रपूरच्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढले. कोर्सच्या पहिल्या दिवशी भला मोठा ड्रॉइंग बोर्ड पायांशी उभा धरून मी बसमध्ये बसले होते. वाटेत राजुऱ्याला गर्दी वाढली. कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापाशी आला आणि बोर्डाकडे पाहून म्हणाला, "बाई, सकाळी सकाळी कॅरम घेऊन कुठी चालल्या?"

सगळी बस हसली. मीही हसले, आणि बोर्ड जरा बाजूला घेऊन एका म्हातारीला बसायला जागा केली.