डी. रंजीताचं टिंब

"बंद करून चालू करा." आमच्या जिनिंगवर कोण्याही रोगाले हे एकच औषध. आता हे शब्द ऐकले का माहं डोकं फिरते.

मी नागेश. तेलुगू राज्यातल्या जैनथच्या रस्त्यावर कापसाची जिनिंग हाय, तिथं काटा पाहतो. गाडी काट्यावर चढली का वजन मी घेतो, अन् शेतकऱ्याचं नाव कंप्युटरात टाकते रंजीता, दुर्गे गुरुजीची पोरगी. नंबर लावायचा प्रोग्रामही यंदा तिनंच लिवला. तोंडानं फटकळ. शेठलेही सोडत नाई, म्हणूनच आमचं जमते.

कापूस सुरू होऊन दोनच दिवस झालते, अन् प्रोग्राम मधीच गोठाले लागला. नाव टाकलं का पडदा तसाच, हालत ना डुलत. मंग शेठ येऊन बटण दाबे, कंप्युटर नव्यानं चालू होये, पण त्या माणसाचा नंबर पुसला जाये. त्याची गाडी पुन्हा रांगेच्या शेवटी!

त्या दिवशी द्वारकाबाई भोयर काट्यावर आली. पेनगंगेकाठच्या गावची एकटी बाई, कालच एकदा असाच नंबर गेलेली. वर आभाळ भरलेलं, गाडीवर फाटकी ताडपत्री. भिजला कापूस कोण घेते? रंजीतानं नाव टाकलं, अन् पडदा गोठला.

"फिर हैंग? बंद करो!" शेठनं बटणाकडं हात नेला.

"हात नका लावू!" रंजीता किंचाळली. "बंद केलं त तो मेला. कुठं अडकला ते मंग कोण सांगन? नागेशभाऊ, बटणापाशी उभे राहा."

मी राह्यलो. शेठ म्हणे, "नौकरी प्यारी नहीं क्या?"

"हाय ना. पण आज हटत नाई."

तिनं डीबगर लावला. म्हणजे गोठलेल्या प्रोग्रामले जित्ताच धरायचं अन् विचारायचं, कोणत्या ओळीवर हायस बाबा? तिनं थांबवला, एक ओळ दिसली. सोडला, पुन्हा थांबवला. तीच ओळ.

"गोठला नाई हा," ती म्हणे. "घाण्याच्या बैलावानी एकाच जागी फिरून राह्यला."

खिडकीतून द्वारकाबाई ओरडली, "पोरी, होते का नाई वो? थेंब येऊन राह्यले!"

शेठ म्हणे, "इन मराठीवालों के नाम ही लंबे हैं. तेलुगू लोगों का तो बराबर जाता है."

मले असा संताप आला! "तुमच्या पाटीवर तुमचं, बापाचं, आजाचं, सगळ्यायचं नाव हाय. ते लांब नाई?"

रंजीतानं मातर पडद्यावर बोट ठेवलं. तेलुगू माणूस घराचं नाव आधी लावते, इंटिपेरू म्हणतात त्याले: एक अक्षर, मंग टिंब, मंग माणूस. प्रोग्राम ते टिंब शोधत होता. द्वारकाबाई फकिरा भोयर यात टिंब कुठं? नाव सरलं का तो पुन्हा पहिल्या अक्षरावर जाये, पुन्हा शोधे.

"कोण्या गाढवानं लिवलं हे?" मी बोंबललो.

"मी!" तिनं टेबलावर हात आपटला. "मीच लिवलं. तेलुगू शाळेत मले दुर्गेची डी. रंजीता करून टाकलं, सगळ्या कागदावर तेच. प्रोग्राम तपासाले मी माहंच नाव टाकलं. चाललं, त मले वाटलं सगळ्यायचं चालन." तिच्या डोळ्यात पाणी आलं, रागाचं.

शेठ हसला. "तो डॉट डाल दो. बी. द्वारका. एक मिनट का काम."

"नाई टाकणार."

नाव सरलं का थांब, एवढंच तिनं त्या ओळीत घातलं. प्रोग्राम चालू केला, अख्खं नाव टाकलं. नंबर आला. गाडी शेडात गेली, तोवर वरचा थर भिजलाच होता.

द्वारकाबाई पदर पिळत आत आली. "काय झालतं?"

रंजीतानं खरं ते सांगतलं.

"म्हणजे मी कालपासून उभी, अन् तुह्या प्रोग्रामात माहं नावच बसत नव्हतं? परक्यानं केलं असतं त समजली असती. तू आपल्यातली ना वो? का तुलेच तुहं नाव याद नाई?"

रंजीतानं बाईसमोरच तपासणीचं जुनं नाव, डी. रंजीता, खोडलं अन् नवं टाकलं: रंजीता शंकर दुर्गे. बटण असं दाबलं का टेबल हाललं. नाव बराबर गेलं, नंबर आला. तोवर द्वारकाबाई भिजला कापूस वेगळा कराले शेडात निंगून गेली होती.