लूर्दला मी अक्काला ओळख दिली नाही

अक्का आज सकाळी गेली.

माझी सख्खी मोठी बहीण. आणि एकदा चारचौघांत मी तिला आमची नोकर म्हटलं होतं.

सकाळपासून फोन येताहेत. "तू तिचं खूप केलंस गं."
म्हणून लिहितेय. मी काय केलं ते सगळ्यांना माहीत नाही.

अक्का माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. मी चार वर्षांची असताना आई-वडील वारले. तिने मला दोंडाईचाजवळच्या आमच्या गावातून उचललं आणि धुळ्याला आणलं. मिशनच्या सिस्टरांच्या दवाखान्यात ती बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. मागच्या एका खोलीत आम्ही राहायचो. लग्न केलं नाही तिने. मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं.

मी शिकले, जळगावला इंग्रजीची टीचर झाले.

तिच्या वॉर्डात सिस्टर लुसी होत्या, फ्रेंच. मी नऊ वर्षांची असताना त्या कायमच्या मायदेशी परतल्या. पण अक्काला विसरल्या नाहीत. एकोणनव्वद-नव्वदच्या सुमारास त्यांचं पत्र आलं. एकदा तरी इकडे फ्रान्समध्ये लूर्दला ये, मरियामातेच्या दारी. बेबीलाही घेऊन ये, तिला इंग्रजी येतं.

बेबी म्हणजे मी.

दोन तिकिटं आली. मुंबईहून यात्रेकरूंचा एक ग्रुप निघणार होता, त्यात आमची नावं घातली.

म्हणजे फ्रान्स मी पाहिलं ते अक्कामुळे. हे आधी नीट लक्षात घ्या.

ग्रुपमध्ये सगळे मुंबईचे. फाडफाड इंग्रजी. त्यात एका मोठ्या शाळेच्या प्रिन्सिपल बाई होत्या. त्यांना माझं बोलणं आवडलं. म्हणाल्या, मुंबईला ये, आमच्याकडे व्हेकन्सी असते.

मी हवेतच.

आणि अक्का? कानाला टॉवेल गुंडाळलेला. चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायची. मरियामातेच्या गुहेसमोर उभी राहून मोठ्यांदा अहिराणीत बोलायची, शेजारणीशी बोलावं तशी. लोक वळून बघायचे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तिने पिशवीतून लसणाच्या चटणीची बरणी काढली. झाकण उघडताच वास सगळीकडे.

प्रिन्सिपल बाईंनी मला हळूच विचारलं, "इज शी युअर मदर?"

मी म्हणाले, "नो, नो. शी इज अवर सर्व्हंट."

अक्का समोरच बसली होती. तिला इंग्रजी बोलता येत नव्हतं. पण सिस्टरांच्या हाताखाली इतकी वर्षं काढलेल्या बाईला तो एक शब्द कळणार नाही?

तिने बरणीचं झाकण लावलं. बरणी पिशवीत ठेवली. कोरडा ब्रेड खाल्ला.

 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या हातातली बॅग काढून घेतली. माझ्यामागे दोन पावलं चालायला लागली. आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली,
"चला बाई, गाडी ऊनी."

बाई.

माझं खोटं उघडं पडू नये म्हणून माझी बहीण पुढचे चार दिवस माझी नोकर झाली.

मी तिला होऊ दिलं.

मग सिस्टर लुसी आल्या. काठी टेकत, लांबच्या गावाहून खास तिला भेटायला. चर्चच्या पायऱ्यांशी आमचा अख्खा ग्रुप उभा होता. सिस्टरांनी अक्काला मिठी मारली. दोघी रडल्या. मग सिस्टर त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या,
"आणि माझी बेबी कुठे आहे?"

मी हातभर अंतरावर होते. नऊ वर्षांची पोर चोविसाव्या वर्षी त्या कशा ओळखणार? प्रिन्सिपल बाई माझ्या शेजारी. मराठी त्यांना चांगलं कळायचं.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिली तिने. मला आठवतंय, वाट पाहिली.

मी बुटांकडे बघत राहिले.

"ती नही ऊनी, सिस्टर," अक्का म्हणाली. "तिले सुट्टी नही भेटनी. मी या बाईस्नासंगे ऊनू."

आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई. मरियामातेच्या दारात, तिला तिथवर बोलावणाऱ्या माणसाशी खोटं बोलली.

सिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी निळ्या मण्यांची एक जपमाळ अक्काच्या हातात दिली. "बेबीला दे."

अक्काने ती खोलीत माझ्या उशीवर ठेवली.

सिस्टर दोन वर्षांनी वारल्या. मला त्यांनी परत पाहिलंच नाही. मुंबईच्या त्या नोकरीचंही पुढे काही झालं नाही.

धुळ्याला आल्यावर अक्का सगळ्यांना सांगत सुटली, "मन्ही बहीननी माले फुलासारखं जपं." फादरांनी चर्चमध्ये मिसानंतर मला यात्रेबद्दल बोलायला उभं केलं. मी बोलले. टाळ्याही घेतल्या.

तीन वर्षांपूर्वी, एका दुपारी, ती खाटेवर बसून शेंगा फोडत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी विषय काढला.
"अक्का, तू सिस्टरांशी खोटं बोललीस ना तेव्हा..."

"ते मी तठेच कबूल कयं," ती म्हणाली. "एक गोरा फादर व्हता. त्याले मन्ही भाषा समजनी का नही, देव जाने. पन मी सांगं, मी खोटं बोलनू म्हनीसन."

"आणि माझं? माझं सांगितलंस?"

तिने शेंगेचं टरफल बाजूला टाकलं.
"तुन्हं मी कशी सांगू? ते तुन्हं तू सांग."

रागाने नव्हे. जेवलीस का विचारावं, तशी म्हणाली.

मी "चहा ठेवते" म्हणून उठले. माफी मागितली नाही. तेव्हाही नाही.

हे इथे लिहिलं म्हणजे कबुली झाली असं मी मानत नाही. खाली कोणी "खूप सुंदर लिहिलंय" असं कृपया लिहू नका.

आज चार वाजता धुळ्याला दफन आहे. त्याआधी मी फादरांकडे कबुलीसाठी वेळ मागितली आहे. अक्का, तू तिथल्या तिथे केलंस, मला तीस वर्षांहून जास्त लागली.

जाय अक्का. आराम कर आते.

तुझी धाकटी बहीण,
बेबी