कोरा समास
चर्चच्या शाळेतून निवृत्त झालेले ते गुरुजी शिवाजी पेठेतून चालत रोज दहाला आमच्या ग्रंथालयात यायचे. पिशवीत एका जुन्या लॅटिन पोथीचे फोटो असायचे. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी पत्रं, फर्मानं, धर्मसभांचे ठराव गोळा करून चर्चचे कायदे त्यात उतरवले होते. प्रत्येक नियम कुठून उचलला ते शोधून गुरुजी समासात पेन्सिलीनं लिहायचे. सापडलं की ओरडायचे, "ह्याचं मूळ घावलं बघा!" मला वैताग यायचा.

एकाच नियमापुढचा समास कित्येक वर्षं कोरा होता. जीव देणाऱ्याला दफनभूमीत जागा नाही, असा तो नियम.

एका दुपारी त्यांनी सगळी पुस्तकं मिटली.

"ह्याला मूळच न्हाय. लिहिणाऱ्यानं मनानंच घातलाय."

"मग फादरना सांगा की, गुरुजी."

"माझ्या पोरीनं विहिरीत जीव दिला, तवा फादर तिला आत घ्यायला तयार हुते. मीच म्हटलं, नियम हाय."

त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि त्या कोऱ्या समासात सावकाश स्वतःचं नाव लिहिलं.