चिकूवरचे आप्पा

आमच्या आप्पांना जाऊन आठ महिने झाले होते, आणि एका संध्याकाळी ते परत आले.

यात चूक माझीच. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आईने "गोळ्या वेळेवर घेईन" म्हणून सांगितलं, काकाने दारू सोडली (संध्याकाळपर्यंत!), तरी कावळा ढिम्म. दुपारचे दीड वाजले. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि समोरचा एक गप्प! शेवटी मी हात जोडले, "आप्पा, तुमच्या चिकूला कधी हात लावणार नाही!" त्याबरोबर कावळ्याने पिंडावर झडप घातली.

मुलुंडला डोंगराच्या कडेला आमचं बैठं घर. मागे इवलंसं अंगण आणि त्यात आप्पांचा चिकू. आप्पा रोज संध्याकाळी झाडाखाली उभे राहून चिकू खायचे आणि बिया कुंपणाच्या भिंतीवर ओळीने मांडून ठेवायचे. का, ते त्यांनाच ठाऊक. मला तिथे स्कूटरसाठी पत्र्याची शेड हवी होती. यावरून बापलेकांचं वीस वर्षं वाजत होतं. आता मी शब्द दिला होता खरा, पण भुकेल्या माणसाचा शब्द किती धरायचा? आठ महिने थांबलो आणि झाडं तोडणाऱ्या गणपतला दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं. (परवानगी फांद्या छाटायची होती. फांदी बुंध्यापासूनच सुरू होते, असं माझं मत.)

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, घरात गरम भाताचा वास सुटला. आंबेमोहोर! आप्पांचा या भातावर भारी जीव. शेवटची दोन वर्षं शुगरपायी मीच तो बंद केला होता.

"शुभा, भात लावलास?" मी बायकोला विचारलं.

"नाही रे. गॅस बंद आहे, बघ ना."

शेजारचे गावाला गेलेले. वास मागच्या दारातून येत होता. आई जपमाळ ओढता ओढता थांबली. (तिचा जन्म गिरणगावातला. कोकण फक्त जिभेवर.)

"आप्पा इले रे, मेल्या! तू शबूद मोडतंस म्हणान इले!"

"आई, काहीतरीच काय!" मी म्हणालो आणि टॉर्च घेऊन उठलो.

मागचं दार उघडलं. रोज कान किटवणारे रातकिडे चिडीचूप. वारा नाही, तरी चिकूची एकच फांदी हलत होती. मी भिंतीवर टॉर्च मारला. चिकूच्या काळ्याभोर, चकचकीत बिया. ओळीने! आठ महिने त्या झाडाखाली कोणी उभंसुद्धा राहिलं नव्हतं. अंगावर सर्रकन काटा आला आणि मग, खोटं कशाला सांगू, रडूच आलं. मी त्यातली एक बी उचलली, डोळ्यांना लावली, ओठांना लावली. त्या सगळ्या बिया आईने बशीत घालून आप्पांच्या फोटोपुढे ठेवल्या आणि वर हळदकुंकू वाहिलं.

शुभाने घाईघाईने भात लावला. दहीभाताचं ताट घेऊन मी एकटाच झाडाखाली गेलो. ("तुझे वडील, तूच जा," इति शुभा.)

"आप्पा, चुकलो."

वर सळसळ झाली. पानांतून दोन डोळे लकाकले. वास इतका दाट, की आता कुकरची शिट्टीच होणार! मग काळा मुखवटा घातल्यासारखं एक तोंड सावकाश खाली आलं, त्यामागून लांबलचक अंग आणि त्याहीमागून...

"काय म्हणतत रे?" आई आतून ओरडली.

"आई, आप्पांना शेपूट आहे!"

"आपल्या माणसाक असा बोलू नये!"

ते भिंतीवर बसलं. माझ्याकडे एकटक बघत त्याने एक चिकू संपवला आणि मग ते डोंगराकडे निघून गेलं. ताट कधीच माझ्या पायावर पडलं होतं.

सकाळी गणपत आला. मी घडलेलं सांगितलं तर तो हसतच सुटला.

"कांडेचोर हो, साहेब! उदमांजर. त्याच्या अंगालाच भाताचा वास येतो. चला, कुऱ्हाड लावू?"

म्हणजे ते आप्पा नव्हते. मी मोकळा होतो. शेड अगदी हाताशी आली होती. मी झाडाकडे पाहिलं. काल संध्याकाळी, थोडा वेळ का होईना, माझे आप्पा घरी आले होते.

"नको," मी म्हणालो. "शब्द दिलाय."

"कोणाला?"

मी दारातूनच आतल्या फोटोकडे बोट केलं. गणपतने फोटोकडे पाहिलं, मग खालच्या बशीकडे, आणि मग जरा वाकून पुन्हा बशीकडे.

"आणि हे इथे कशाला मांडलंय? फळ पचतं त्याला, बी नाही पचत. मग भिंतीवर बसून..." एवढं बोलून तो थांबला. पुढचं सगळ्यांना कळलं होतं.

शुभा माझ्या ओठांकडे बघत होती. आईने हळूच बशी उचलली.

"शबूद पाळलंस, बरा केलंस," ती म्हणाली. "आता जा, तोंड धुवन ये."