गाडी ई ऱ्हायनी

म्हसावद सोडलं की शहाद्याच्या रस्त्यावर एक बसथांबा लागतो. त्याला सगळे टेशन म्हणतात. कंडक्टरही तसाच ओरडतो, टेशनवाले उतरा. तिथे टेशन नाही. रूळ नाहीत, फलाट नाही. कपाशीच्या शेतात सर्वेक्षणवाल्यांनी रोवलेले पांढरे-पिवळे दगड आहेत आणि रस्त्याच्या कडेला कुंदन पाटलाचं चहाचं दुकान आहे. 'स्टेशन टी हाऊस' ही पाटी त्यानेच हौसेने रंगवून घेतली होती आणि थांब्याला नाव पडलं ते त्या पाटीवरून.

कुंदनची बहीण खांडबाऱ्याला दिलेली. तिच्याकडे गेला की तो स्टेशनातल्या चहावाल्याकडे बघत बसायचा. गाडी थांबली की त्या माणसाला मान वर करायला फुरसत नसे. तेवढ्यात शहाद्याकडे रेल्वेची नवीन लाईन येणार अशी घोषणा झाली. याच शेतात नारळ फुटला, पेढे वाटले गेले. कुंदनने म्हसावदच्या बाजारातली चालती जागा सोडली आणि इथे पत्रे ठोकले. बायको रंजना म्हणाली, आधी गाडी येऊ द्या, मग आपण जाऊ. पण कुंदनला पहिला नंबर लावायचा होता.

पुढे काय झालं ते साऱ्या तालुक्याला पाठ आहे. आधी लाईनची दिशा बदलली. मग साहेब बदलले. जमीन होती तेव्हा निधी नव्हता, निधी आला म्हणे तेव्हा जमिनीचं घोडं अडलं. दर निवडणुकीला त्याच शेतात नवा नारळ फुटायचा. कुंदन मोर्चात गेला, रास्ता रोकोत भर उन्हात डांबरावर बसला, नंदुरबारला जाऊन घसा बसेपर्यंत ओरडला. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, काम प्रक्रियेत आहे. अहो, नसेल द्यायची लाईन तर नका देऊ, पण तसं तोंडाने म्हणा तरी! माणूस दुसरीकडे चूल मांडेल. पण नाही हा शब्द उच्चारायला कुणीच तयार नाही.

गिऱ्हाइकं मात्र टपलेली. चहा मागता मागता हळूच विचारायची, "कुंदनभाऊ, गाडी कव्हय ई?" कधी येणार गाडी? सुरुवातीला त्याचं डोकं फिरायचं. एकाच्या अंगावर तर तो गाळणं घेऊन धावला होता. मग त्याने एक उत्तर शोधून काढलं. दूध ढवळत, वर न बघता, अगदी गंभीरपणे म्हणायचं, "ई ऱ्हायनी." येतेच आहे. लोक हसत आणि कुंदनची लाज त्या हशात झाकली जाई. पुढे पुढे तर ते उत्तर त्याच्या तोंडून आपोआप निघू लागलं.

मागच्या हिवाळ्यात सकाळच्या एसटीतून एक म्हातारी उतरली. डोंगरातली होती, काखेत गाठोडं, पायात चपला नाहीत. त्या दिवशी पेपरात पुन्हा सर्वेक्षण होणार अशी बातमी होती आणि दुकानात त्यावरून नुसती धुमश्चक्री चालली होती. कुंदनही तापलेला. म्हातारीने मोडक्या अहिराणीत गाडी कधी येणार म्हणून विचारलं. कुंदनने चुलीवरून मान वळवली नाही.

"ई ऱ्हायनी," तो म्हणाला.

दुकानातले लोक हसले. म्हातारीला वाटलं, त्यांचं आपसात काही चाललं असेल. ती मागच्या बाजूला, कपाशीकडे तोंड करून बसली. येताजाता कुंदनला ती दिसत होती. कुणाची तरी वाट बघत असेल म्हणून त्याने तिला एक चहाही नेऊन दिला. दुपार कलल्यावर ती पुन्हा आली आणि तिकीट कुठे काढायचं म्हणून विचारू लागली. कुंदनच्या हातातला कप तसाच राहिला.

तिचं नाव दिवलीबाई. मुलगा छगन नवसारीला बांधकामावर गेला होता, तिथे उंचावरून पडला. संध्याकाळी ऑपरेशन होतं आणि त्याआधी आईला बघायचं म्हणून त्याने हट्ट धरला होता. पुतण्याने तिला नंदुरबारच्या बसमध्ये बसवलं आणि बजावलं, टेशन आलं की उतर. टेशन आलं. ती उतरली.

"आठे गाडी येत नही, माय," कुंदन कसाबसा म्हणाला.

"तूच तं सांगं," ती म्हणाली. "ई ऱ्हायनी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर कुंदनला सोसला असता.

दुकान रंजनावर टाकून त्याने मोटारसायकल काढली. म्हातारीला मागे बसवून तो नंदुरबारच्या खऱ्या स्टेशनापर्यंत असा सुटला की जन्मात एवढ्या जोरात गेला नव्हता. गाडी गेलेली होती. मग त्याने तिला नवसारीच्या एसटीत बसवलं आणि कंडक्टरच्या अक्षरशः पाया पडला, हिला मध्ये कुठे उतरू देऊ नका.

कुंदनने म्हातारीला चिठ्ठीवर लिहून दिलेल्या नंबरावर दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला. छगन वाचला होता. पण आत नेताना तो दाराकडेच बघत होता. शेवटी भूल देणाऱ्याने सांगितलं, येतेय तुझी आई. कुंदनने फोन ठेवला. इतकी वर्षं तो साहेबांना शिव्या घालत आला होता. साहेब काम प्रक्रियेत आहे म्हणत, तो ई ऱ्हायनी म्हणत होता. त्याला स्वतःची किळस आली. त्याने शिडी लावली आणि पाटीवर चुना फासला.

यंदा पुन्हा नारळ फुटला. पुढाऱ्याने चहा घेताना साऱ्यांसमोर मुद्दाम विचारलं, काय कुंदनशेठ, गाडी कव्हय?

"नही ई ऱ्हायनी," कुंदन म्हणाला.

कुणी हसलं नाही. तेवढ्यात डोंगरातली एसटी आली आणि कुंदन तिच्या दाराशी गेला. दिवलीबाई इथे उतरली त्या दिवसापासून प्रत्येक एसटीला तो असाच जातो. कंडक्टर टेशन म्हणून ओरडला. एक म्हातारा गाठोडं सावरत पायरीवर आला. कुंदनने त्याच्यापुढे हात आडवा धरला.

"आठे टेशन नही शे, बाबा. बसमाच ऱ्हाय."

म्हाताऱ्याने कंडक्टरकडे बघितलं, मग कुंदनकडे.

"मंग टेशन काबरं म्हनतस?"

कुंदनने मागे वळून पाहिलं. पावसाने चुना धुऊन निघाला होता आणि पाटीवरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.